विश्लेषण : चिनी विद्वानांच्या मेजावरची चित्रित भांडी… मुंबईत जन्मलेल्या पर्सिव्हल डेव्हिड यांनी ती ‘वाचली’ कशी?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे १,७०० चिनी भांड्यांची देणगी जाहीर झाली. अंदाजे मूल्य १०० कोटी पौंड. मूल्याचा विचार करता ब्रिटनमधल्या संग्रहालयाला मिळालेली ही सर्वांत मोठी देणगी ठरली. ही भांडी ज्यांनी जमवली ते सर पर्सिव्हल डेव्हिड १९६४ मध्येच निवर्तले होते आणि त्यांचा जन्म मुंबईचा. त्यांच्या संग्रहात मंदिराला वाहिलेले भलेमोठे कलश आहेत, तशाच तळहातावर मावतील अशा लेखनाच्या मेजावरच्या वस्तूही आहेत. या वस्तू कशासाठी होत्या, त्या खऱ्या की खोट्या हे कसे ठरते आणि या एका संग्राहकाचे नाव त्या संदर्भात आजही का घ्यावे लागते?

विद्वानाच्या मेजावर काय काय असे?

जुन्या चीनमध्ये सरकारी अधिकारी होण्याचा मार्ग परीक्षेतून जात असे. अभिजात ग्रंथांचे पाठांतर, निबंध आणि सुंदर हस्ताक्षर यांवर माणसाचे भवितव्य ठरे. त्यामुळे लेखनाचे मेज ही घरातली मानाची जागा होती. कागद, कुंचला, शाईची कांडी आणि ती उगाळण्याचा दगड ही त्यावरची चार मुख्य साधने. आपल्याकडे सहाणेवर चंदन उगाळतात तशीच शाईची कांडी दगडावर पाणी घालून उगाळायची.

या चार साधनांच्या सोबतीला पोर्सेलिनच्या, म्हणजे उत्तम चिनी मातीच्या, अनेक छोट्या वस्तू असत. शाईत थेंबथेंब पाणी सोडणारी चिमुकली झारी, कुंचला धुण्याची उथळ वाटी, ओला कुंचला टेकवायची डोंगरशिखरांच्या आकाराची टेकणी, कुंचले उभे ठेवायचे नळकांडे आणि शिक्क्याच्या लाल शाईची झाकणाची डबी. त्यांच्यावर पाइनच्या झाडाखाली बसलेले विद्वान, डोंगर-नद्या, बांबू, बोरूसारखे गवत, पक्षी अशी चित्रे असत. उसळी घेऊन ड्रॅगन होणारा मासा हे तर परीक्षेतील यशाचेच चिन्ह. परीक्षार्थीच्या मेजावर ते शुभ मानले जाई.

या वस्तूंचा आज किती बोलबाला आहे हे एका आकड्यावरून कळेल. सुमारे ९०० वर्षांपूर्वीची, जेमतेम १३ सेंटिमीटर व्यासाची, कुंचला धुण्याची एक वाटी हाँगकाँगच्या लिलावात २०१७ मध्ये २९ कोटी ४३ लाख हाँगकाँग डॉलरला विकली गेली. त्या वेळी चिनी मातीच्या वस्तूंच्या लिलावातील तो विक्रम होता. त्या वाटीवर चित्र नाही, नुसती निळसर झिलई आहे. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

पर्सिव्हल डेव्हिड कोण होते?

पर्सिव्हल यांचा जन्म २१ जुलै १८९२ रोजी मुंबईत, बगदादी ज्यू कुटुंबात झाला. वडील सर ससून डेव्हिड हे कापूस, सूत आणि गिरण्यांच्या व्यवहारातील बडे प्रस्थ. १९०६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांत त्यांचे नाव अग्रभागी होते. मुंबईच्या गिरण्यांचे सूत त्या काळात चीनला जात असे. त्यामुळे चीन हा शब्द मुंबईच्या व्यापारी घरांना परका नव्हता. चीनशी त्यांचा संबंध बहुतेक करून मालाचा आणि हिशेबाचा असे. पर्सिव्हल यांनी त्याच देशाकडे पाहण्याची वेगळी वाट धरली.

विशीत असतानाच, पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधी, त्यांनी चिनी भांडी जमवायला सुरुवात केली. काळ मोठा विचित्र होता. चीनमधील परीक्षापद्धती १९०५ मध्ये रद्द झाली होती. १९१२ मध्ये चिंग राजवट संपली. ज्या वर्गासाठी ही मेजावरची भांडी घडत होती तो वर्गच मोडीत निघाला होता. वस्तू होत्या, पण त्यांचा उपयोग जाणणारी दुनिया सरत होती.

युरोपातले श्रीमंत लोक चिनी भांडी घेत ती बहुधा दिवाणखाना सजवण्यासाठी. त्यांना मोठे, भडक, जोडीने मांडता येणारे नग हवे असत. डेव्हिड यांनी स्वतःसाठी निराळा दंडक घातला. जी भांडी चीनमधल्या जाणकारांनी आणि सम्राटांनी मोलाची मानली, ती घ्यायची. पण चिनी जाणकाराची आवड कळायची तर त्याने काय लिहून ठेवले ते वाचायला हवे. म्हणून डेव्हिड चिनी भाषा शिकले. त्यांचे पुढचे सगळे काम या निर्णयातून उभे राहिले. वडिलांच्या निधनानंतर १९२६ मध्ये ‘बॅरोनेट’ हा किताब त्यांच्याकडे आला, पण अभ्यासकांत त्यांची ओळख झाली ती वाचनामुळे.

राजवाड्यातली भांडी बाजारात कशी आली?

राजवट गेल्यावरही पदच्युत सम्राट पुयी १९२४ पर्यंत बीजिंगच्या राजवाड्यातच राहत होता. खर्च मोठा आणि उत्पन्न आटलेले. राजघराण्याने मौल्यवान वस्तू बँकांकडे तारण ठेवून कर्जे काढली. कर्ज फिटले नाही की तारण विक्रीला येई.

डेव्हिड १९२० च्या दशकात चीनला गेले. राजवाड्याचे १९२५ मध्ये संग्रहालयात रूपांतर झाले, त्या सुमारास तिथली भांडी प्रदर्शनात मांडण्याच्या कामात त्यांनी मदत केली. सम्राटांच्या संग्रहातील वस्तू जवळून हाताळण्याची अशी संधी परदेशी माणसाला क्वचितच मिळे. पुढे १९२७ च्या सुमारास बीजिंगमधील एका बँकेकडे तारण पडलेल्या शाही भांड्यांपैकी सुमारे ४० भांडी त्यांनी विकत घेतली.

या खरेदीकडे दोन बाजूंनी पाहता येते. डेव्हिड यांनी पैसे मोजले, चोरी केली नाही. दुसरीकडे, चीन दुबळा आणि अस्थिर असतानाच असे व्यवहार होऊ शकले, हेही खरे. संग्रहाची चर्चा निघाली की हा प्रश्न आजही पुढे येतो.

निळी चित्रे आणि रंगीत चित्रे यांत फरक काय?

दोन्हींची तंत्रे वेगळी आहेत. निळ्या-पांढऱ्या भांड्यावर कोबाल्टच्या रंगाने कच्च्या, न भाजलेल्या अंगावर चित्र काढतात. त्यावर पारदर्शक झिलई देतात आणि सुमारे १,३०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. चित्र झिलईच्या खाली राहते, म्हणून शेकडो वर्षे घासले तरी पुसले जात नाही. कच्ची माती रंग लगेच शोषून घेते. एकदा फिरलेला हात पुसून पुन्हा फिरवता येत नाही.

लाल, पिवळा, हिरवा, गुलाबी हे रंग एवढ्या उष्णतेत टिकत नाहीत. म्हणून भाजून तयार झालेल्या पांढऱ्या भांड्याच्या झिलईवर मिन्याचे रंग भरतात आणि ७००-८०० अंशांच्या आसपास पुन्हा भाजतात. अठराव्या शतकात कांगशी, योंगझेंग आणि चियानलाँग या सम्राटांच्या काळात हे काम शिखराला पोचले. जिंगडेझेन या भांड्यांच्या शहरात पांढरे भांडे भाजून घ्यायचे, ते बीजिंगला आणायचे आणि राजवाड्यातल्या कारखान्यात चित्रकारांकडून रंगवून घ्यायचे. चित्राशेजारी कवितेच्या ओळी आणि छोटे लाल शिक्केही रंगवले जात. विद्वानाच्या मेजावर उलगडलेल्या चित्रपटावर असावेत, अगदी तसेच. चीन आणि तैवानबाहेर अशा भांड्यांचा जो सर्वोत्तम संच मानला जातो, तो डेव्हिड यांनी जमवला.

तळावर काळ लिहिलेला असताना शंका कशाला?

बऱ्याच चिनी भांड्यांच्या तळावर सहा अक्षरे असतात. घराणे, सम्राटाची कारकीर्द आणि ‘घडवले’ असा मजकूर. १४६५ ते १४८७ या चेंगहुआ कारकिर्दीची अक्षरे दिसली की भांडे पाचशे वर्षांपूर्वीचे, असे नवख्याला वाटते. पण पुढच्या पिढ्यांतील कारागीर जुन्या काळाचा मान राखण्यासाठी तीच अक्षरे सर्रास लिहीत. फसवण्यासाठी लिहिणारेही होतेच. म्हणजे तळावरची अक्षरे हा दावा असतो, पुरावा नव्हे. मातीचा पोत, झिलईची छटा, कुंचल्याची धाटणी, तळाची कड कशी तासली आहे आणि जुन्या ग्रंथांत काय नोंदले आहे, हे सारे जुळावे लागते.

सम्राटाची सहीसुद्धा पुरेशी नसते. चियानलाँग सम्राटाला जुन्या भांड्यांचा भारी षोक. त्यांच्यावर स्वतः कविता रचून तो त्या झिलईत कोरून घेत असे. पण अनेकदा त्याने एका भट्टीचे भांडे दुसऱ्याच भट्टीचे समजले. डेव्हिड यांच्या संग्रहात अशी कविता कोरलेली बरीच भांडी आहेत. कविता खरी असते, तिच्यातली ओळख चुकीची असू शकते.

बनावट चित्रसंग्रह त्यांनी कसा पकडला?

सोळाव्या शतकातील शियांग युआनबियन हा नामांकित संग्राहक. त्याने आपल्या काळातील नामी भांड्यांची रंगीत चित्रे काढून माहिती लिहून ठेवली, असा समज होता. त्या चित्रसंग्रहात लेखनाच्या मेजावरच्या वस्तू मोठ्या संख्येने होत्या. बीजिंगच्या ब्रिटिश वकिलातीत डॉक्टर असलेले स्टीफन बुशेल यांनी त्याचा अनुवाद केला. तो १९०८ मध्ये छापला गेला आणि पाश्चात्त्य संग्राहकांचा आधारग्रंथ बनला. चित्रात आहे तसे भांडे सापडले की ते अस्सल, असा हिशेब होऊ लागला.

डेव्हिड यांनी मजकूर चिनी साधनांशी ताडून पाहिला. शियांगच्या नावावरचा हा संग्रह त्याचा नाही, नंतर कोणीतरी रचलेला आहे, असे त्यांनी १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात एका निबंधात सप्रमाण मांडले. हा निष्कर्ष अडचणीचा होता. त्या पुस्तकाच्या भरवशावर अनेकांनी पैसे ओतले होते. पण पुस्तकच खोटे ठरले तर त्याच्याशी जुळणारे भांडे अस्सल ठरण्याऐवजी संशयास्पद ठरते.

हीच पद्धत त्यांनी रू नावाच्या दुर्मीळ भांड्यांसाठी वापरली. सुमारे ९०० वर्षांपूर्वी सम्राटाच्या दरबारासाठी घडलेल्या या भांड्यांपैकी आज जगभरात शंभराच्या आसपासच शिल्लक आहेत. हाँगकाँगमध्ये विक्रमी किंमत मिळवणारी वाटी त्यांपैकीच. रू म्हणजे नेमकी कोणती भांडी, याबद्दल विसाव्या शतकाच्या आरंभी मोठा घोळ होता. डेव्हिड यांनी १९३७ मध्ये जुने उल्लेख आणि प्रत्यक्ष भांडी यांची सांगड घालणारा निबंध प्रसिद्ध केला. १९८० च्या दशकात हेनान प्रांतात त्या भट्टीचा ठावठिकाणा लागला, तो डेव्हिड गेल्यानंतर वीसेक वर्षांनी.

१३५१ सालच्या जोडीचे महत्त्व काय?

डेव्हिड यांचे नाव ज्या वस्तूंना कायमचे चिकटले त्या मेजावरच्या नाहीत. ते आहेत दोन निळे-पांढरे कलश. उंची ६० सेंटिमीटरहून अधिक, मानेला हत्तीच्या मुखाचे कान आणि अंगावर ढगांतून जाणारे ड्रॅगन. मानेवर केळीसारख्या पानांच्या नक्षीत अर्पणाचा मजकूर आहे. झांग वेनजिन नावाच्या भक्ताने कुटुंबाच्या रक्षणासाठी आणि मुलाबाळांच्या सुखासाठी एका मंदिराला एक धूपपात्र आणि दोन कलश वाहिल्याची ती नोंद आहे. तिथी इसवी सन १३५१ मधली. धूपपात्र आजवर सापडलेले नाही.

हे कलश १९२० च्या दशकात लंडनमध्ये आले तेव्हा तिथल्या अनेकांनी ते नकली म्हणून झिडकारले. इतके सफाईदार निळे काम मिंग घराण्याच्या आधी, म्हणजे १३६८ पूर्वी, शक्यच नाही अशी पक्की समजूत होती. लेख समोर असूनही समजूत वरचढ ठरली. पुढे दोन्ही कलश वेगवेगळ्या संग्राहकांकडे गेले. डेव्हिड यांनी ते दोघांकडून मिळवून पुन्हा जोडी जुळवली.

१९५० च्या दशकात अमेरिकी अभ्यासक जॉन पोप यांनी इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा आणि इराणमधील अर्देबिल इथली भांडी या जोडीशी ताडून पाहिली. तेव्हा चौदाव्या शतकातील निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा एक मोठा गटच ओळखता आला. तारीख कोरून ठेवलेल्या खांबावरून मंदिराचा काळ ठरावा, तसे या जोडीवरून निळ्या-पांढऱ्या चित्रकामाचे कालमापन होऊ लागले. कुंचल्याच्या टेकणीवरच्या निळ्या रेषेचा काळ सांगतानाही अभ्यासक अखेर याच जोडीपाशी येतात.

इस्तंबूल आणि इराणचा संबंध तसा जुनाच. कोबाल्ट मोठ्या प्रमाणावर पश्चिम आशियातून चीनमध्ये जात असे. सोळाव्या शतकाच्या आरंभी, झेंगडे सम्राटाच्या काळात, मेजावरच्या भांड्यांवर अरबी आणि फारसी अक्षरेही रंगवली गेली. ब्रिटिश म्युझियममध्ये पाच शिखरांची एक निळी-पांढरी कुंचला-टेकणी आहे. तिच्यावर लेखणी ठेवण्याची जागा अशा अर्थाचा फारसी शब्द आहे.

चित्रे हलकी मानणारा ग्रंथच त्यांनी का निवडला?

डेव्हिड यांच्या आयुष्यातला हा सर्वांत रंजक पेच. त्साओ झाओ या चिनी जाणकाराने १३८८ मध्ये जुन्या वस्तूंची पारख शिकवणारा ग्रंथ लिहिला. चित्रे, हस्ताक्षरे, शाईचे दगड, कागद, भांडी, काय खरे आणि काय नकली, असा सगळा मेजावरच्या माणसाला उपयोगी मजकूर त्यात आहे. पुढे पंधराव्या शतकात वांग झुओ याने त्यात भर घातली. डेव्हिड यांनी अनुवादासाठी हाच ग्रंथ घेतला.

गंमत अशी की, निळ्या फुलांची किंवा रंगीबेरंगी भांडी त्साओ झाओला अगदी गावंढळ वाटत होती. त्याची पसंती नुसत्या झिलईच्या, चित्र नसलेल्या भांड्यांना. हे मत लिहिले गेले तेव्हा झांग वेनजिनच्या कलशांना जेमतेम ३७ वर्षे झाली होती. म्हणजे डेव्हिड यांच्या संग्रहातला सर्वांत प्रसिद्ध ऐवज त्यांच्या आवडत्या ग्रंथकाराने हलका ठरवला असता.

हा उल्लेख झाकण्याजोगा नव्हता, उलट फार मोलाचा होता. चित्रित भांडी मेजावर येण्याआधी त्यांना नाके मुरडली जात होती, हे त्यातून समजते. शे-दीडशे वर्षांत आवड पालटली, सम्राटांच्या भट्ट्यांतून निळी आणि रंगीत भांडी निघू लागली आणि विद्वानांच्या मेजावर ती मानाने बसली. आज ज्याला अभिजात म्हणतात ते एके काळी नव्या पैशाचे ओंगळ प्रदर्शन वाटत होते. जुनी आवड समजून घ्यायची तर तिच्या विरोधातला मजकूरही वाचावा लागतो.

संग्रह विकला का नाही?

लंडनमध्ये १९३५-३६ च्या हिवाळ्यात चिनी कलेचे भव्य प्रदर्शन भरले. त्यामागचे प्रमुख सूत्रधार डेव्हिड होते. चीन सरकारने राजवाड्यातील शेकडो वस्तू ब्रिटिश युद्धनौकेतून पाठवल्या. राष्ट्राचा ठेवा परदेशी पाठवू नये म्हणून चीनमधील विद्वानांनी जाहीर विरोध केला होता. परतीच्या वाटेवर जिब्राल्टरजवळ बोट रुतली तेव्हा त्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती, हे दिसले. सुदैवाने वस्तू बचावल्या. प्रदर्शन चार लाखांहून अधिक लोकांनी पाहिले.

दुसऱ्या महायुद्धात डेव्हिड शांघायमध्ये जपान्यांच्या कैदेत सापडले. सुटका झाली, पण प्रकृती खालावली. संग्रहाचे तुकडे करून विकला असता तर प्रचंड पैसा मिळाला असता. त्यांनी १९५० मध्ये भांडी आणि ग्रंथसंग्रह दोन्ही लंडन विद्यापीठाला दिले. भांड्यांसोबत पुस्तके दिली हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले. १९५२ मध्ये लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमधील घरात संग्रह लोकांसाठी खुला झाला.

अखेरची वर्षे आजारपणात गेली. शरीर साथ देईना, तरी अनुवादाचे काम चालू राहिले. ९ ऑक्टोबर १९६४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा तो प्रसिद्ध झालेला नव्हता. त्यांच्या पत्नी शीला यॉर्क हार्डी स्वतः चिनी कलेच्या अभ्यासक. ग्रंथ १९७१ मध्ये वाचकांच्या हाती आला.

आज ही भांडी कुठे पाहता येतात?

खर्च पेलेनासा झाल्याने गॉर्डन स्क्वेअरचे दालन २००७ मध्ये बंद झाले. २००९ पासून संग्रह ब्रिटिश म्युझियमच्या ९५ क्रमांकाच्या दालनात आहे. आधी तो उसना होता, २०२४ च्या देणगीने तिथला झाला. ठेवा लंडनमध्येच का, हा प्रश्न त्यामुळे संपलेला नाही. संग्रह अखंड राहिला आणि कोणालाही पाहता येतो, एवढे मात्र डेव्हिड यांच्या इच्छेप्रमाणे घडले.

मुंबईत चिनी पोर्सेलिन पाहायचे असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील भांडी आहेत. तिथे किंवा कुठेही अशा भांड्यासमोर उभे राहिलात, तर किमतीच्या आधी तीन गोष्टी बघाव्यात. रंग झिलईच्या खाली आहे की वर, अक्षरे काय सांगतात आणि ती सांगतात ते भांड्याच्या अंगाशी जुळते का. डेव्हिड यांनी पन्नास वर्षे जे केले, त्याची सुरुवात याच तीन प्रश्नांनी होते.